आधी परतीचा दिवस ठरवा
जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून बेटांवर डायव्हिंगला जाणाऱ्यांसाठी

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेलं आहे. उन्हाळ्यात मुंबईहून इथे येणाऱ्याला या उंचीचा गारवा सुखावतो. पण चार दिवस समुद्राच्या पोटात उतरून घरी परतणाऱ्या स्कूबा डायव्हरला ही उंची हिशेबात धरावी लागते. प्रमाणपत्र हाती आहे, गाठीशी पुरेशा डाइव्ह आहेत आणि आता पाच-सहा दिवसांची सुट्टी काढून एखाद्या बेटावर जायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. त्यांना मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. छोट्या डायव्हिंग सहलीची आखणी शेवटच्या दिवसापासून उलटी करत यावी.

डहाणूला का नाही?

जव्हारहून डहाणू, बोर्डी, केळवे हे किनारे दीड-दोन तासांवर आहेत. तरीही डायव्हिंगसाठी दूर जावं लागतं, कारण हे पाणी गढूळ आहे. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा मोखाड्यातून खाली उतरते, पिंजाळ आणि सूर्या तिला येऊन मिळतात, आणि पावसाळ्यात या सगळ्या नद्या डोंगरउतारावरची माती समुद्रात नेतात. शिवाय उत्तरेकडच्या खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर प्रचंड असतो. तळाचा गाळ तिथे खाली बसतच नाही. प्रवाळाला ऊन आणि नितळ पाणी लागतं. ही दोन्ही हवीत तर दक्षिणेला किंवा भर समुद्रातल्या बेटांकडे वळावं लागतं.

शरीरातल्या नायट्रोजनचा हिशेब

दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. तीस मीटरवर एकूण दाब जमिनीवरच्या चौपट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. सावकाश वर आलं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलं, की त्यातला बराचसा भाग श्वासावाटे निघून जातो. उरलेला बाहेर पडायला तास लागतात. या काळात बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. सांधेदुखी, बधिरपणा, चक्कर, क्वचित पक्षाघात अशी या बुडबुड्यांमुळे होणाऱ्या विकाराची लक्षणं आहेत.

विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका कमी असू शकतो. म्हणूनच डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने घालून दिलेले किमान नियम पाळावे लागतात. डीकम्प्रेशन थांबे न लागणारी एकच डाइव्ह केली असेल तर १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर १८ तास, आणि डीकम्प्रेशन थांबे घ्यावे लागले असतील तर १८ तासांहून बऱ्याच अधिक काळाने विमानात बसावं. आपल्या सहलीत रोज दोन-दोन डाइव्ह असणार, म्हणून १८ तास ही आपली किमान मर्यादा. मी २४ तास धरायला सांगेन.

हाच नियम घाटालाही लागू आहे, आणि महाराष्ट्रातल्या डायव्हरने तो विशेष लक्षात ठेवायला हवा. विमानप्रवासाचे नियम सुमारे सहाशे मीटर उंचीपासून लागू धरले जातात. अमेरिकन नौदलाची कोष्टकं तर हजार फुटांपासून, म्हणजे तीनशे मीटरपासूनच हिशेब मांडतात. मालवणला दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी गाडीने आंबोली घाट चढणारा माणूस सुमारे सातशे मीटर उंचीवर जातो. विमानात बसलेलो नाही म्हणून तो निर्धास्त असतो, आणि धोका तिथेच आहे.

कुठे जायचं?

शनिवार-रविवारला जोडून एखादी रजा असेल तर कर्नाटकातलं नेत्राणी बेट योग्य. मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून ते साधारण १९ किलोमीटरवर आहे आणि बोटीला दीड तासाच्या आसपास लागतो. मुंबईहून कोकण रेल्वेने मुरुडेश्वरला थेट जाता येतं. या गाडीचा डायव्हरला मोठा फायदा आहे. परतीचा प्रवास घाट न चढता किनारपट्टीच्या सखल भागातून होतो. रविवारी दुपारी पाण्याबाहेर आलात, संध्याकाळची गाडी धरलीत, तर सोमवारी दुपारी मनोर-विक्रमगड रस्त्याने जव्हारची चढण लागेपर्यंत चोवीस तास होत आलेले असतात. स्वतःच्या गाडीने गेलात, तर परतताना पुणे-नाशिक-त्र्यंबक-मोखाडा असा डोंगरावरचा रस्ता टाळा. किनाऱ्याचा महामार्ग धरून पनवेल, मनोर करत या.

मालवण-तारकर्ली आपल्या घरचं. १९८७ साली मालवणचा सागरी परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं डायव्हिंग मुख्यतः नवशिक्यांसाठी आहे. अनुभवी डायव्हरने निवती आणि वेंगुर्ल्याच्या खडकांची चौकशी करावी. नौदलाच्या सेवेतून २०२४ मध्ये निवृत्त झालेलं ‘गुलदार’ हे जहाज निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिथे कृत्रिम प्रवाळभित्ती आणि डायव्हिंगचं ठिकाण तयार करण्याची योजना राज्याने आखली आहे.

लक्षद्वीपचं पाणी या सगळ्यांत नितळ. पण तिथे भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. विमान कोचीहून अगत्तीला जातं आणि जागा मोजक्या असतात. अचानक ठरलेल्या सुट्टीत हे जमत नाही, म्हणून परवाना हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. आणि मनाची एक तयारी ठेवा. १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्ण पाण्याने इथला प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरा पडून मेला, आणि २०२४ मध्ये पुन्हा तेच संकट आलं. जुने फोटो पाहून गेलात तर निराशा होईल. तरीही खोल उतारांवर मासे भरपूर आहेत.

पाच-सहा दिवस असतील आणि खोल डाइव्हची सवय असेल, तर माझी पसंती अंदमानातल्या स्वराज द्वीपला. हेच पूर्वीचं हॅवलॉक, २०१८ च्या अखेरीस त्याचं नाव बदललं. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज आणि जॅक्सन्स बार या तिथल्या नावाजलेल्या जागा साधारण अठरा ते तीस मीटरच्या पट्ट्यात आहेत. तिथे प्रवाह जोरदार असू शकतो. २०१० च्या विरंजनात अंदमानचा उथळ प्रवाळ होरपळला, म्हणून खोल खडकांवरच्या या जागांचं महत्त्व आणखी वाढलं.

केव्हा जायचं?

दिवाळीच्या सुट्टीत अंदमान हा सोपा विचार वाटतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळंही होतात. जानेवारी ते एप्रिल हा सर्वांत भरवशाचा काळ. नेत्राणी आणि मालवणला पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की हंगाम सुरू होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो कोसळतं तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचं डायव्हिंग बंदच असतं. तो काळ रेग्युलेटरची सर्व्हिसिंग करून घ्यायला, कॉम्प्युटरची बॅटरी बदलायला आणि जव्हारच्या चढांवर दम वाढवायला वापरावा.

सहा दिवसांचा आराखडा

आता अंदमानची सहल उलटी मांडू. सहाव्या दिवशी सकाळी श्री विजयपुरम, म्हणजे पोर्ट ब्लेअरहून विमान. म्हणून पाचवा दिवस पूर्ण कोरडा. त्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीने स्वराज द्वीपहून श्री विजयपुरमला या आणि दुपार सेल्युलर जेलला द्या. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगात सावरकरांना १९११ मध्ये आणलं गेलं. मराठी माणसाने अंदमानला जाऊन ही वास्तू न पाहता परतू नये, आणि डायव्हिंगच्या नियमांनी तो वेळ आपोआप मोकळा ठेवला आहे. समुद्र खवळून एखादी फेरी रद्द झाली, तरी हाच कोरडा दिवस कामाला येतो.

तिसरा आणि चौथा दिवस खोल जागांसाठी. रोज सकाळी दोन डाइव्ह, त्यातली खोल आधी. दुसरा दिवस तपासणीच्या डाइव्हचा असावा. कितीही अनुभव असला तरी डायव्हिंगच्या पहिल्या दिवशी बारा-पंधरा मीटरवर वजन, मास्क आणि बडीशी खुणा जुळवून घ्याव्यात. पहिला दिवस प्रवासाचा. जव्हारहून मुंबईचं विमानतळ गाठायला चार तास हाताशी ठेवा. पहाटेचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच निघा. रात्रभर जागून पाण्यात उतरणं धोक्याचं असतं.

हवेचं गणित आणि सामान

नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे २२०० लिटर हवा असते. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला साधारण १६५० लिटर उरते. जमिनीवर मिनिटाला १८ लिटर हवा घेणारा माणूस तीस मीटरवर ७२ लिटर घेतो. म्हणजे तेवीस मिनिटं, आणि त्यातच वर यायचा वेळ धरायचा. प्रवाहाविरुद्ध पोहलात तर हा आकडा झपाट्याने घसरतो. आपला स्वतःचा वापर किती, हे प्रत्येकाने जाण्याआधी काढून ठेवावं.

नायट्रॉक्सचं प्रमाणपत्र असेल तर ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण मिळेल का, हे डाइव्ह सेंटरला आधी विचारा. त्याने तळाशी थांबण्याचा वेळ वाढतो. पण सुमारे तेहतीस मीटरच्या खाली ते वापरायचं नाही, कारण तिथे ऑक्सिजनच विषारी ठरू लागतो. सेंटर निवडताना आणखी तीन प्रश्न विचारा. बोटीवर ऑक्सिजन किट आहे का? एका डाइव्हमास्टरबरोबर किती जण असतात? अपघात झाला तर सर्वांत जवळचं रिकम्प्रेशन चेंबर कुठे आहे आणि तिथे कसं नेणार? उत्तर देताना सेंटर अडखळलं तर दुसरं शोधा.

सामानात मास्क, कॉम्प्युटर आणि पृष्ठभागावर फुगवायची सिग्नल ट्यूब स्वतःची न्या. बाकीचं भाड्याने चालतं. तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरेसा होतो. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा. डायव्हिंगचा विमा काढा, कारण साधा आरोग्य विमा चेंबरचा खर्च देईलच असं नाही. दमा, फिट, हृदयविकार किंवा कानाचा जुना त्रास असेल तर घरून निघण्याआधीच डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या. बेटावर पोहोचल्यावर फॉर्ममध्ये ‘होय’ लिहावं लागलं, तर सहल बोटीच्या धक्क्यावरच संपते.

पाण्यात शिरल्यावर प्रवाळाला हात लावू नका, पंख तळाला घासू नका. मेलेला शिंपला किंवा प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे. आणि घरी परतल्यावर, डाइव्हनंतर एक-दोन दिवसांत सांधे दुखू लागले, हातपाय बधिर झाले किंवा चक्कर आली, तर थकवा म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आपण डायव्हिंग करून आलो आहोत.

शेवटी एवढंच सांगायचं आहे. तिकीट काढायला बसाल तेव्हा जाण्याची तारीख नंतर पाहा. शेवटची डाइव्ह किती वाजता संपेल, त्यानंतर विमान किंवा घाट किती तासांनी येईल, हे आधी कागदावर लिहा. तो आकडा चोवीसच्या खाली असेल तर एक डाइव्ह कमी करा.