वाडीतली जिंजर

गेल्या वैशाखात एका रात्री अडीचच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. घरातली पुरुषमंडळी काठी शोधू लागली, शेजाऱ्यांनी दिवे लावले. काय झाले ते मी मात्र अंथरुणातच ओळखले. माझी जिंजर फुटली होती. सकाळी पाहते तो ओट्यावर काचांचा खच, भिंतीवर चिकट ओघळ आणि घरभर आल्याचा वास! त्या वासाने मला तीस-पस्तीस वर्षे मागे नेले.

आमची चाळ खोताच्या वाडीच्या तोंडाशी होती. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांचे नाव मिरवणारी ही वाडी. गिरगावच्या गजबजाटातून चार पावले आत वळले, की लाकडी जिने, नक्षीचे कठडे आणि व्हरांड्यातल्या आरामखुर्च्या दिसू लागत. तिथल्या ईस्ट इंडियन म्हाताऱ्या आम्हा मुलांच्या सरसकट आंट्या. त्यांची मराठी आमच्या पाठ्यपुस्तकातली नव्हे, पण आमच्याहून जुनी. त्यांतल्या एका आंटीकडे मे महिन्यात जिंजर बिअर होई. आम्ही तिला नुसते ‘जिंजर’ म्हणत असू, कारण पुढचा शब्द आमच्या घरी उच्चारण्याची सोय नव्हती.

पेला तोंडाशी नेला की आधी नाकात झिणझिण्या, मग जिभेवर गोडी आणि शेवटी घशात आल्याचा चटका. आईने एकदा विचारले, “काय प्यायलीस तिथे?” मी म्हटले, “आल्याचे सरबत.” पुढे आईचे पोट बिघडले, तेव्हा तेच ‘सरबत’ आंटीने तांब्याभर पाठवले. आईला ते इतके मानवले, की दर उन्हाळ्यात ती आपणहून तांब्या धुऊन पाठवू लागली. तिला खरे नाव कधीच कळले नाही. आता ती नाही, म्हणून हे छापायला हरकत नाही.

आईला फसवले का मी? थोडेसे. साखरेच्या पाण्यात यीस्ट पडले, की साखर खाऊन ते दोन गोष्टी देते: बुडबुड्यांचा वायू आणि अल्कोहोल. दीड-दोन दिवसांत बाटली थंडीत टाकली तर अल्कोहोल नाममात्र, शेकडा एकच्या आतबाहेर. बाहेर विसरली तर वाढत जाते, आणि बाटलीही फुटते. आंटीच्या सासूच्या काळी यीस्टऐवजी चमचाभर ताडी घालीत. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि ताडीही त्यात सापडली. तेव्हापासून त्या घरात बेकरीचे यीस्ट आले. “चव गेली, पण पोलीस पण गेले,” असे आंटी हसत सांगे.

हा घोळ सातासमुद्रापार अमेरिकेतही झाला होता. तिथले घरगुती पेय म्हणजे रूट बिअर. सासाफ्रास, सार्सापरिला असल्या मुळ्या-साली उकळून आंबवलेले. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्सने १८७६ च्या प्रदर्शनात ते लोकांपुढे आणले आणि पुढे दारूला सोज्ज्वळ पर्याय म्हणून विकले. तरी नावातल्या ‘बिअर’ने घात केला. दारूबंदीवाल्या स्त्रियांनी त्यावर बहिष्कार घातला, आणि रासायनिक पृथक्करण झाल्यावरच तो उठला. सासाफ्रासच्या तेलावर तिकडे १९६० साली बंदी आली, तेव्हा आजची बाजारी रूट बिअर केवळ वासाची धनीण. आपल्याकडे त्या मुळ्या नाहीत, पण अनंतमूळ आहे. संस्कृतात सारिवा, मराठीत उपळसरी. काष्ठौषधीच्या दुकानात मागा आणि हुंगून पाहा. व्हॅनिलाची आठवण येईल. आंटी कधीमधी त्याचा तुकडा बरणीत टाकी.

गोटीच्या सोड्याशी मात्र या जिंजरची गल्लत करू नये. त्या बाटलीची युक्ती लंडनच्या हायरम कॉड यांची, १८७२ च्या सुमाराची. बाटली यंत्रात उलटी धरून भरायची. मग आतला दाबच गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर घट्ट बसवतो. घरी हे जमत नाही. मुंबईत पालनजींचा सोडा १८६५ पासूनचा आणि ड्यूकचा १८८९ पासूनचा. ड्यूक १९९४ मध्ये पेप्सीने विकत घेतली. या साऱ्यांत वायू पंपाने कोंबलेला असतो. जिंजरमध्ये तो घरात जन्मतो. गंमत अशी, की जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ साली पहिले सोडावॉटर केले तेही लीड्समधल्या बिअरच्या पिंपावर पाण्याचे भांडे धरून! कारखान्याच्या सोड्याचे आजोळही आंबवणातच आहे.

आता कृती. ती मी घाईने लिहून घेतली, कारण आंटीचे घर विकायचे ठरले आहे. कधीकाळी वाडीत साठ-पासष्ट बंगले होते म्हणतात. आज त्यांतले निम्मेही उरले नाहीत. माशांसाठी नाव काढलेला अनंताश्रमसुद्धा कधीच बंद झाला. नाताळापूर्वी आंटी वसईला भाचीकडे जाणार. मी वही घेऊन गेले, तर म्हणते, “माप कसलं, बाय? हात सांगतो.” शेवटी तिचा हात थांबे तिथे मी तराजू लावला.

पाव किलो आले सालीसकट खलबत्त्यात ठेचावे. पाच लिटर पाण्यात अर्धा किलो साखर, दोन लवंगा आणि ते आले घालून उकळावे. मग थांबावे. इथेच माझ्यासारखे उतावळे फसतात. पाणी बोटाला सोसेल इतके कोमट झाले, की चार लिंबांचा रस (बिया आणि पांढरी साल नको, कडू होते) आणि पाव चमचा यीस्ट घालावे. कढत पाण्यात यीस्ट मरते. चिनी मातीच्या बरणीला फडके बांधून एक दिवस ठेवावे, गाळावे आणि बाटलीच्या गळ्याशी दोन बोटे मोकळी ठेवून भरावे. प्रत्येक बाटलीत दोन बेदाणे. ते बुडबुड्यांवर स्वार होऊन वर आले, की जिंजर तयार.

काचेच्या बाटलीत भरण्याचा माझा हट्ट मला अडीच वाजता भोवला. आंटीने स्वतः केव्हाच पेप्सीच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या धरल्या आहेत. “दाबून बघायची. दगडासारखी लागली की फ्रिजमध्ये.” आपण जुन्याच्या मोहात पडतो, जुनी माणसे पडत नाहीत! मे महिन्यात हे दीड दिवसात होते, डिसेंबरात तीन-चार दिवस लागतात. फ्रिजमध्ये ठेवल्यावरही रोज एकदा बूच सैल करावे आणि आठवड्यात संपवावे.

दुसऱ्या खेपेला माझी जिंजर आंबट झाली. तिसरी बाटली गेल्या महिन्यात मी आंटीकडे नेली. व्हरांड्यात सामान बांधायला काढले होते. तिने पेला उजेडात धरला, एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

“आलं जुनं घेतलंस.”

“हो.”

“लिंबू जास्त.”

“बरं.”

बांधायच्या सामानात ती बरणीही होती. माझी नजर तिच्यावर गेलेली आंटीच्या ध्यानात आली. “ती मी नेणार,” ती म्हणाली. “वसईत आलं चांगलं मिळतं.” आणि उरलेला पेला तिने संपवला.