प्रतिजैव पदार्थांचे विद्रावक निष्कर्षण

किण्वन द्रवातील प्रतिजैव पदार्थ पाण्यात न मिसळणाऱ्या कार्बनी विद्रावकात घेऊन अशुद्धींपासून अलग करण्याची पद्धती. किण्वन द्रवात इष्ट पदार्थ अल्प प्रमाणात असून त्याबरोबर प्रथिने, शर्करा, लवणे व रंगद्रव्ये असतात. म्हणून शुद्धीकरण हा उत्पादनातील महत्त्वाचा टप्पा ठरतो.

पेनिसिलीन हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. ते अम्ल असून अम्लीय द्रवात त्याचे रेणू विद्युत् भाररहित राहतात व विद्रावकात विरघळतात. उदासीन द्रवात त्यांचे आयन बनून ते पाण्यात जातात. प्रथम कवकजाल गाळून काढतात. गाळलेला द्रव थंड करून त्याचे पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारे मूल्य) सु. २ ते २·५ करतात व त्यात ब्युटिल ॲसिटेटासारखा विद्रावक मिसळतात. विद्रावकाचा थर अलग करून सु. ७ पीएच मूल्याच्या जलीय विद्रावाबरोबर घुसळला म्हणजे पेनिसिलीन पुन्हा पाण्यात उतरते व अनेक अशुद्धी विद्रावकातच राहतात. सक्रियित कार्बनाने रंग काढतात व शेवटी पोटॅशियम वा सोडियम लवणाच्या रूपात स्फटिकीकरण करतात.

ज्या अम्लतेत पेनिसिलीन विद्रावकात जाते त्याच अम्लतेत त्याचे अपघटनही होते, ही यातील मुख्य अडचण होय. सामान्य तापमानास काही मिनिटांतच त्याचा बराच भाग निकामी होतो. म्हणून द्रव थंड ठेवून केंद्रोत्सारक यंत्राने थर त्वरित वेगळे करतात. प्रथिनांमुळे बनणारे पायस मोडण्यासाठी पृष्ठक्रियाकारक वापरतात. विद्रावक ज्वालाग्राही असल्याने विशेष दक्षता घ्यावी लागते. तो ऊर्ध्वपातनाने परत मिळवितात.

ऑक्सफर्ड येथे नॉर्मन हीटली यांनी १९४० मध्ये पेनिसिलीन ईथरातून पुन्हा पाण्यात आणण्याची युक्ती सुचविली. फेब्रुवारी १९४१ मध्ये तेथील पहिल्या रुग्णाच्या मूत्रातून पेनिसिलीन परत मिळवून त्यालाच देण्यात आले. त्याला उतार पडू लागला होता. परंतु साठा संपल्याने तो वाचला नाही.

पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लि. हा सरकारी उद्योग स्थापन झाला आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसीनही बनू लागले. ते क्षारकीय असून पाण्यात अतिविद्राव्य असल्याने त्यासाठी आयन-विनिमय पद्धती वापरतात. अशा प्रकारे शुद्धीकरणाची पद्धती पदार्थाच्या रासायनिक स्वरूपावर अवलंबून असते.