विश्लेषण : १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट का पकडायचे नाही?

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट म्हणजेच सरंगा महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. राज्य सरकारने ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८०, तर सुरमईसाठी ३७० मिलिमीटर. यापेक्षा लहान मासा पकडणे आता नियमबाह्य आहे. हे आकडे आले कुठून?

समुद्रातले मासे मोजतात कसे?

मासे मोजता येत नाहीत, पण बंदरात उतरणारी मासळी मोजता येते. केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेचे (सीएमएफआरआय) कर्मचारी देशभरातील बंदरांवर ठरावीक दिवशी जाऊन नमुने घेतात. कोणत्या बोटीने किती तास जाळे ओढले, काय मिळाले, मासे किती लांबीचे होते, पोटात गाबोळी होती का, याच्या नोंदी होतात. मासा पहिल्यांदा प्रजननक्षम होतो ती लांबी यातूनच कळते. थंड समुद्रातल्या माशाचे वय कानातल्या हाडावरच्या वलयांवरून सांगता येते, झाडाच्या खोडासारखे. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात ही वलये फारशी स्पष्ट नसतात. म्हणून इथे लांबीच्या नोंदींना इतके महत्त्व.

मासळी भरपूर मिळते, म्हणजे समुद्रात भरपूर आहे?

तसे नाही, आणि कॅनडाने याची जबर किंमत मोजली. न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा घटत असतानाही मोठ्या ट्रॉलरची जाळी भरत राहिली. उरलेला कॉड दाट थव्यांनी एकत्र येत होता आणि आधुनिक यंत्रे नेमके तेच थवे शोधत होती. त्या पकडीवर विसंबून साठ्याचा अंदाज चढा निघाला. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार जणांचा रोजगार गेला.

उलट, पकड घटली म्हणजे साठा संपला असेही लगेच म्हणता येत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्राची पकड २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली नीचांकी. पण त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे आली होती, बोटी कित्येक दिवस किनाऱ्यालाच होत्या. म्हणूनच शास्त्रज्ञ नुसते टन पाहत नाहीत. किती श्रमांत किती मासळी मिळाली, हे पाहतात. सीएमएफआरआयने २०२२ मध्ये तपासलेल्या देशातील १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के सुस्थितीत आढळले. ही देशाची सरासरी आहे; तिच्यावरून सातपाटीच्या पापलेटबद्दल निष्कर्ष काढू नये.

पावसाळी बंदी असताना आणखी नियम कशाला?

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत अनेक माशांना अंडी घालायला उसंत मिळते. पण त्यातून निघालेली पिल्ले पुढच्या काही महिन्यांत जाळ्यात आली, तर ती उसंत वाया जाते. अशी बारीक मासळी बऱ्याचदा फिशमील कारखान्यात कवडीमोलाने जाते. तीच वाढली असती तर बाजारात कितीतरी पट भाव मिळाला असता.

अडचण कुठे आहे?

जाळ्यात. डेकवर आलेला लहान मासा बहुधा मेलेलाच असतो, तो समुद्रात परत टाकून साधत काही नाही. त्यामुळे तो जाळ्यातच येऊ नये, हे पाहावे लागते. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस असावेत, हा आग्रह त्यासाठीच. शंकरपाळीसारखे तिरके आस ताण पडताच मिटतात, चौकोनी आस उघडे राहतात आणि पिल्ले निसटतात. बोंबील पकडणाऱ्या डोल जाळ्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ते एका जागी रोवलेले असते. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर जे येईल ते त्यात शिरते. म्हणजे पर्ससीन आणि ‘एलईडी’ मासेमारीविरोधात वर्षानुवर्षे भांडणाऱ्या पारंपरिक मच्छीमारालाही हा नियम लागू होतो.

शिवाय राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंतच. मासा ही हद्द ओळखत नाही, शेजारच्या राज्यांतल्या बोटीही याच पाण्यात येतात. महाराष्ट्राच्या बोटीने सोडलेले १२० मिलिमीटरचे पापलेट पलीकडच्या जाळ्यात गेले, तर सातपाटीच्या मच्छीमाराने ते का सोडावे, याचे उत्तर एकट्या महाराष्ट्राच्या अधिसूचनेत मिळत नाही.