ट्रेलरवरच्या शिडाच्या बोटीला तळरंग कोणता?

समुद्राच्या पाण्यात बुडालेला पृष्ठभाग फार काळ कोरा राहत नाही. काही तासांतच त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, मागोमाग डायटम येतात, मग हिरवे शेवाळ, आणि पाणी उबदार असेल तर काही आठवड्यांत बारनॅकल. बारनॅकलची अळी एकदा चिकटली की अंगाभोवती चुनखडीचे कवच बांधते. प्राणी मेला तरी त्याची बैठक खरवडूनच काढावी लागते. हे सारे दूर ठेवण्याचे काम अँटिफाउलिंग रंगातले विष करते. बहुतेक रंगांत हे विष म्हणजे क्युप्रस ऑक्साइड, तांब्याचे एक संयुग. ते पाण्यात सावकाश विरघळत राहते तोवरच रंग कामाचा.

या रंगांची माहितीपत्रके बहुधा हंगामभर धक्क्याला बांधलेली बोट समोर ठेवून लिहिलेली असतात. ट्रेलरवरच्या बोटीचे दुखणे निराळे असते. तिचा तळ पुनःपुन्हा वाळतो आणि पुनःपुन्हा घासला जातो. अमेरिकेत हजारोंच्या संख्येने बांधली गेलेली कॅटलिना २२ ही अशीच बोट. लांबी साडेएकवीस फूट, अंग फायबरग्लासचे, आणि जुन्या बोटींना वर ओढून घेता येणारी बिडाची स्विंग कील, सुमारे अडीचशे किलोची.

मुळात रंग लागतो का, हे आधी ठरवावे. दर रविवारी संध्याकाळी ट्रेलरवर चढून घरी येणाऱ्या बोटीला तो लागत नाही. मेण लावलेला जेलकोट, गोड्या पाण्याची धार आणि मऊ ब्रश एवढ्यावर तिचे भागते. शिवाय रंगवलेला तळ पुन्हा कोरा करणे हे अतिशय किचकट काम आहे. बोट एका दमात आठवडा-दोन आठवडे पाण्यात राहणार असेल तेव्हाच रंगाचा विचार सुरू करावा. हंगामभर राहणार असेल तर रंगाखाली इपॉक्सीचा अडथळा थरही द्यावा, नाहीतर पाणी जेलकोटमध्ये मुरून फोड येऊ शकतात.

रंगांचे मुख्य प्रकार दोन. कठीण रंगाचा थर जागच्या जागी राहतो आणि त्यातले तांबे बाहेर झिरपत जाते. घासाघाशीला तो चांगला टिकतो, म्हणून ट्रेलरसाठी हाच योग्य, असे वरवर वाटते. पण बोट बाहेर काढून ठेवली की हवेत त्याच्या पृष्ठभागावरचे तांबे ऑक्सिडाइज होते, झिरपणे मंदावते, आणि बहुतेक कठीण रंग उत्पादकाने दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ कोरडे राहिले की निकामी ठरतात. हलका पॉलिश पेपर मारून नवा थर उघडा करावा लागतो. दुसरा प्रकार झिजणारा, म्हणजे अब्लेटिव्ह. पाण्याच्या प्रवाहाने त्याचा वरचा थर साबणाच्या वडीसारखा उतरत जातो आणि खालचे ताजे तांबे उघडे पडते. यातले कोपॉलिमर रंग महिनोन्‌महिने कोरडे राहूनही पाण्यात शिरताच पुन्हा कामाला लागतात. महिनाभर खाडीत आणि पुढचे दोन महिने अंगणात असा क्रम असलेल्या बोटीला दुसरा पर्याय शोधत बसू नये. ट्रेलरच्या गालिचा मारलेल्या फळ्यांवर तो उतरतो हे खरे. पण दर वसंतात त्या पट्ट्यांवर एक हात फिरवणे हे अख्खा तळ घासण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

डब्यावरचा तांब्याचा टक्का पाहून भुलण्याचे कारण नाही. तांबे किती आहे यापेक्षा ते कोणत्या वेगाने सुटते, याला महत्त्व आहे. कॅलिफोर्नियाने २०१८ पासून सहलीच्या बोटींच्या रंगांवर मर्यादा घातली तीही याच वेगावर: दर चौरस सेंटिमीटरला दिवसाला साडेनऊ मायक्रोग्रॅम. गोड्या पाण्याच्या सरोवरात तर जहाल रंगाची गरजच नसते. तिथे बारनॅकल नाहीत, मुख्य त्रास शेवाळाचा. अमेरिकेच्या ग्रेट लेक्स भागात व्हीसी-१७ सारखा, तांब्याची भुकटी ऐन वेळी मिसळून लावायचा अगदी पातळ रंग म्हणूनच चालतो. मात्र तो साध्या झिजणाऱ्या रंगावर धरत नाही.

तळावर आधीचा रंग असेल तर तो कोणता, हे ओल्या फडक्याने कळते. फडके दाबून फिरवावे. रंग फडक्यावर उतरला तर जुना थर झिजणारा. त्यावर कठीण रंग लावला तर खालचा थर सुटताना वरचाही पोपडे होऊन निघतो. उलट कठीण रंगावर, पॉलिश पेपर मारून, झिजणारा रंग लावता येतो. घासताना पाणी मारत घासावे, तोंडाला श्वसनयंत्र लावावे आणि खाली प्लास्टिक अंथरावे. ही भुकटी तांब्याची आहे. ती मातीत किंवा गटारात जाता कामा नये.

सगळ्यात जास्त वेळ कील खाते. बिडावर तांब्याचा रंग थेट बसला तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये विद्युत्‌रासायनिक क्रिया होऊन बीड गंजते. म्हणून उघड्या धातूपर्यंत घासून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. रात्रभर थांबले तर सकाळी गंजाची तांबूस झाक आलेली असते. हे करायला बोट ट्रेलरवरून उचलून कील खाली सोडावी लागते. तेव्हाच फळ्यांखाली दडलेल्या पट्ट्याही रंगवता येतात. अॅल्युमिनियमच्या बोटीला क्युप्रस ऑक्साइड वर्ज्यच; तिला क्युप्रस थायोसायनेटचा किंवा तांबेविरहित रंग लागतो. जस्ताच्या अॅनोडवर कोणताच रंग लावू नये, त्याने गंजून जाणे हेच त्याचे काम.

तांबे जड असल्याने डब्याच्या तळाशी बसते; डबा बराच वेळ ढवळल्याशिवाय रोलर बुडवू नये. पहिला हात वेगळ्या रंगाचा द्यावा, म्हणजे वरचा झिजला की खालचा दिसू लागतो. तळाचे क्षेत्र ढोबळमानाने लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.८५ असे धरतात. कॅटलिनाला ते सुमारे तेरा चौरस मीटर येते, आणि एका लिटरात दहा चौरस मीटर धरले तर दोन हातांना सव्वादोन ते पावणेतीन लिटर रंग पुरतो. अमेरिकन गॅलनचा डबा पावणेचार लिटरचा असतो. उरलेला लिटरभर रंग पुढच्या वर्षासाठी ठेवण्यापेक्षा कीलची पुढची कड, सुकाणू आणि जलरेषा यांना तिसरा हात द्यावा. रंग आधी तिथेच झिजतो.