सोपाऱ्याचा दगड आणि रविवारची सहल

रविवारी कुठे जायचे, हा प्रश्न आपल्या उपनगरांतल्या घरांत शनिवारी रात्री हमखास निघतो. उत्तरेही ठरलेली असतात. मॉल, चौपाटी, नाहीतर विरार-अर्नाळ्याकडचे एखादे रिसॉर्ट. या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर आपल्याच लोकलच्या वाटेवर दगडात कोरलेले सापडले आहे, याची मात्र फार थोड्यांना कल्पना असते.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखले जाणारे टेकाड उकरले. आत बौद्ध स्तूप निघाला. त्यातला करंडक आणि ब्राँझच्या छोट्या बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेल्या. त्याच साली सोपाऱ्यातच भाटेळा तळ्याजवळ त्यांना एक फुटका शिलाखंड मिळाला. अक्षरे ब्राह्मी आणि मजकूर सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा. खंड लहान आहे, पण तोच लेख गिरनारसारख्या ठिकाणी पूर्ण टिकल्यामुळे अर्थ कळतो.

आणि तो अर्थ आहे सहलीविषयीचा! पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार करत, मौज करत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर ती रीत सोडली आणि धर्मयात्रा सुरू केली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, दानधर्म आणि आणखी एक गोष्ट होती. जनपदातल्या, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या लोकांचे दर्शन. 'दर्शन' हा शब्द आपण देवासाठी राखून ठेवला आहे. इथे राजा गावकऱ्यांच्या दर्शनाला निघतो आणि त्यांची विचारपूस करतो.

मी दहिसरला राहतो. मुंबई महापालिकेची हद्द इथे संपते, म्हणून लोक याला शहराचे शेवटचे टोक समजतात. मला हे सुरुवातीचे टोक वाटते. इथून दिवसाउजेडी जाऊन परत येता येईल अशी ठिकाणे मोजायला लागलो तर हाताची बोटे अपुरी पडतील.

दहिसर आणि बोरिवली यांच्या मध्ये मंडपेश्वरची लेणी आहेत. सुमारे सहाव्या शतकातले हे शिवाचे स्थान. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी इथे प्रार्थनामंदिर केले, वर चर्च बांधले. आज खाली नटराज आहे, एका भिंतीवर कोरलेला क्रूस आहे आणि माथ्यावर चर्चचे पडके अवशेष उभे आहेत. इतका इतिहास पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि आपण रिक्षातून शेजारून निघून जातो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी एकाच डोंगरात. (उद्यान सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे.) मोठा चैत्य सगळेच पाहतात. मी म्हणेन, लेण्यांच्या बाहेर कोरलेली पाण्याची टाकी पाहा. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. ही टाकी आणि लेणी कोणी दिली, तेही लिहून ठेवले आहे. कल्याणचा एक सोनार पोढी देतो. सोपारा, चौल, नाशिक इथल्या माणसांची नावे येतात. डोंगर चढून आलेल्या पाहुण्याने मागे पाणी ठेवले! आज आपण त्याच डोंगरावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठेवून येतो.

कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही पारशी प्रवाशांनी आपली नावे कोरली आहेत. साल इसवी सन १००९ आणि १०२१. म्हणजे डोंगर पाहायला येऊन परत जाणारी माणसे हजार वर्षांपूर्वीही होती. कोणी म्हणेल, मग आम्ही नावे कोरली तर काय बिघडले? बिघडले हेच, की पूर्वी हजारात एखादा कोरत असे, आता हजारातले पाचशे कोरतात.

आता लोकलने पुढे जाऊ. भाईंदर सुटले की खाडीचा पूल लागतो आणि डब्यात वेगळा वारा येतो. नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरावे, बस किंवा रिक्षा धरून निर्मळकडे जावे. इमारती मागे पडतात, विहिरी, केळीच्या बागा, पानवेली दिसू लागतात. निर्मळला शंकराचार्यांची समाधी म्हणून पूजले जाणारे स्थान आहे. कार्तिक वद्य एकादशीपासून तिथे जत्रा भरते. जवळच जुने चर्च आहे. या पट्ट्यात सामवेदी बोली बोलली जाते आणि ती ख्रिस्ती घरातही आहे, ब्राह्मण घरातही आहे. लाल लुगडे नेसलेली ख्रिस्ती आजी बाजारात भाजी विकताना भेटली, तर दोन शब्द बोलावे. मराठी किती अंगांनी फुलते हे कळण्यासाठी व्याकरणाचे पुस्तक लागत नाही. पुढे आगाशीला गेलात तर सुकेळी घ्या. पिकलेली केळी उन्हात वाळवून करतात.

निर्मळजवळच्या भुईगावला १९५६ साली अशोकाच्या नवव्या लेखाचा खंड सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्या लेखात म्हटले आहे की माणसे आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. खरे मंगल मात्र चाकरमाणसांशी नीट वागणे, थोरांचा मान राखणे, प्राणिमात्रांना त्रास न देणे, हे आहे. सहलीला जाणाऱ्याने खिशात ठेवावी अशी ही यादी आहे.

फ्रान्सच्या खेड्यांचे फोटो आपण कौतुकाने पाहतो. तिथे १९८२ साली काही गावांनी एकत्र येऊन 'सर्वांत सुंदर गावां'ची संघटना काढली. गावाची वस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळे हवीत, अशी अट घातली. आपल्याकडे असा फलक नाही, पण तळमळ आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांनी 'हरित वसई'ची चळवळ उभी केली ती याच विहिरी आणि बागांसाठी. २०२४ मध्ये ते गेले. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली, आणि शहर आता एकेका वाडीपर्यंत येऊन ठेपले आहे.

म्हणून घाई आहे. जे पाहिले नाही त्याच्यासाठी कोणी भांडत नाही. रिसॉर्टच्या भिंतीआड दिवस घालवून आलेल्या माणसाला बाहेरची विहीर बुजली तरी पत्ता लागत नाही. ज्याने त्या विहिरीचे पाणी मागून प्यायले, तो निदान हळहळेल, पुढच्या वेळी चौकशी करील, जमले तर गावकऱ्यांच्या बाजूने दोन ओळी लिहील.

फार काही करायचे नाही. एका दिवसात एकच गाव घ्यावे. घरून पाणी न्यावे, कचरा परत आणावा. फोटो काढण्याआधी विचारावे. देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात चपला आणि आवाज बाहेर ठेवावा. भाजी, फुले, सुकेळी तिथल्याच माणसाकडून घ्यावीत आणि घासाघीस करू नये. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी अर्धा तास बसावे. अशोकाला एवढे कळायला राज्यावर आल्यावर दहा वर्षे लागली. आपल्याला रेल्वेच्या परतीच्या तिकिटात जमण्यासारखे आहे.