उसन्या केसांखाली

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात राहणाऱ्या क्रिस्टिना जेन्किन्स या कृष्णवर्णीय बाईंना डिसेंबर १९५२मध्ये एक पेटंट मिळाले. विकतचे केस डोक्यावरच्या जिवंत केसांना कायमचे जोडण्याची पद्धत, हा त्याचा विषय. त्या मूळच्या लुइझियानाच्या. शिकागोत एका विग बनवणाऱ्याकडे कामाला असताना त्यांनी एक गोष्ट रोज पाहिली होती. विग असो की लांब केसांचा झुपका, सगळा कारभार पिना आणि आकड्यांच्या भरवशावर चालायचा. वारा सुटला की बाईचा हात आधी डोक्याकडे जायचा. जेन्किन्सबाईंनी पिना बाजूला ठेवून दोरा घेतला. डोक्यावरच्याच केसांचा दोऱ्यासह पाया विणायचा आणि विकतच्या केसांची पट्टी त्या पायाला बांधून टाकायची. आज जगभरच्या सलॉनमध्ये ‘सो-इन’ किंवा ‘वीव्ह’ म्हणून जे केले जाते, ते याच कल्पनेचे पुढचे रूप आहे. फरक एवढाच, की आता आधी टाळूलगत बारीक वेण्या घालतात आणि त्यांवर वाकड्या सुईने पट्ट्या शिवतात.

ही कल्पना कृष्णवर्णीय वस्तीत जन्मली यात नवल नाही. त्या समाजातल्या बाईच्या केसांवर सत्तेची नजर फार जुनी. १७८६मध्ये स्पॅनिश अंमलाखालच्या लुइझियानात गव्हर्नर मिरो याने फर्मान काढले की आफ्रिकी वंशाच्या बायकांनी केस फडक्याखाली झाकावेत. पुढे गुलामगिरी कायद्याने गेली, तरी सरळ केस म्हणजे सभ्य केस हा हिशेब नोकरीत, शाळेत, चर्चमध्ये चालूच राहिला. मग केस सरळ करण्याचे उद्योग उभे राहिले. गंमत म्हणजे त्यांतला एक ठळक उद्योगही क्लीव्हलंडचाच. पुढे वाहतूक सिग्नलच्या पेटंटमुळे नाव झालेले गॅरेट मॉर्गन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केस सरळ करणारे मलम विकत होते. त्यानंतर आलेल्या रासायनिक रिलॅक्सरांनी केस सरळ झाले, टाळूही भाजली. २०२२मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी हजारो स्त्रियांच्या पाहणीतून एक संबंध दाखवला. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे अंदाजे प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. कार्यकारणभाव सिद्ध झाला असे यावरून म्हणता येत नाही, पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

सो-इनचा खरा दावा इथे समजतो. कुरळ्या केसाचा प्रत्येक पीळ ही त्याची मोडण्याची जागा असते. रोजचा कंगवा, इस्त्री आणि ऊन यांपासून तो काही आठवडे वेणीत झाकून ठेवायचा, वर हवी ती केशरचना मिरवायची. म्हणून या प्रकाराला ‘संरक्षक’ केशरचना म्हणतात. हे विशेषण मात्र फुकट मिळत नाही. वेणी सैल हाताने घातली, टाळू स्वच्छ राहिली आणि शिवण वेळेवर उसवली तरच संरक्षण. तिन्हीत हयगय झाली, तर खालचे केस हळूहळू जातात आणि वरच्या दाट केसांमुळे कुणाला, खुद्द त्या बाईलाही, पत्ता लागत नाही. माझ्या मते सो-इनबद्दलच्या बहुतेक चर्चेचा दोष हाच आहे: किती इंच, कुठल्या प्रतीचे, किती गठ्ठे, असे सगळे बोलणे विकतच्या केसांभोवती फिरते.

तरी विकतच्या केसांचा प्रवास सांगायलाच हवा, कारण तो आपल्या दारावरून जातो. ‘केसांवर फुगे’ अशी आरोळी महाराष्ट्रातल्या गल्ल्यांमधून अजूनही येते. कंगव्यात अडकलेला गुंता बायका साठवून ठेवतात आणि त्यावर फुगे किंवा स्टीलचे भांडे घेतात. हा गुंता गोळा होत होत कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला, पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबादेतल्या बेलडांग्याला पोचतो. तिथे बायका तो हाताने सोडवतात आणि लांबीप्रमाणे वेगळा करतात. पगाराच्या मानाने हे काम डोळे फोडणारे. दुसरा माल तिरुमलाचा. तिथल्या कल्याणकट्ट्यावर, म्हणजे मुंडनाच्या जागी, नवस फेडताना उतरवलेले केस देवस्थान लांबीच्या प्रतवारीनुसार ई-लिलावात विकते आणि त्यातून वर्षाला शंभर कोटी रुपयांहून अधिक मिळवते. नवस फेडणाऱ्यांत महाराष्ट्रातली कुटुंबेही असतातच. मे २००४मध्ये जेरुसलेमचे ज्येष्ठ रब्बी योसेफ शालोम एल्याशिव्ह यांनी निर्णय दिला, की हे केस मूर्तिपूजेतून आलेले असल्याने केस झाकण्यासाठी विग घालणाऱ्या ज्यू विवाहित स्त्रियांनी अशा केसांचे विग वापरू नयेत. त्यानंतर जेरुसलेम आणि ब्रुकलिनमध्ये महागडे विग रस्त्यावर जाळले गेले. तिरुमलाच्या न्हाव्याच्या वस्तऱ्याचे पडसाद कुठवर उमटतात पाहा.

या दोन मालांतला फरक खरेदीदाराला कळला पाहिजे. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे सूक्ष्म खवले असतात, मुळाकडून टोकाकडे उतरते. डोक्यावरून एकत्र कापलेल्या जुडीत सगळ्या केसांची मुळे एका बाजूला राहतात, म्हणून खवलेही एकाच दिशेला. याला बाजारात ‘रेमी’ म्हणतात. गुंत्यातून सोडवलेल्या केसांत मुळे-टोके उलटसुलट होतात, खवले एकमेकांत अडकतात आणि जट होते. त्यावर उपाय म्हणून कारखान्यात आम्लाने खवले काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा थर चढवतात. दुकानात हा माल रेमीपेक्षाही चकचकीत दिसतो. काही धुण्यांनंतर थर जातो आणि गुंता परत येतो. म्हणून दुकानातल्या चमकेवर जाऊ नका. केस बोटांत धरून आधी मुळाकडून टोकाकडे, मग उलट बोट फिरवा. उलट दिशेने किंचित खरखर लागली तर खवले शाबूत आहेत. जानेवारी २०२२मध्ये भारत सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. चोरट्या मार्गाने बाहेर जाणारा माल थांबावा आणि पट्ट्या-विग बनवण्याचे काम देशात राहावे, ही उद्योगाची मागणी होती.

आता प्रत्यक्ष शिवण. पूर्ण डोक्याला साधारण शंभर ग्रॅमचे दोन ते तीन गठ्ठे लागतात. म्हणजे वेण्यांवर पाव किलोच्या आसपास नवे ओझे येते. नवशिक्या हाताने पहिला प्रयोग सलॉनवाल्यांकडच्या पुतळ्याच्या डोक्यावर करावा आणि दुसरा, डोक्याच्या मागच्या भागात फक्त एक-दोन पट्ट्यांचा. आदल्या दिवशी केस नीट शाम्पूने धुऊन कंडिशनर लावावा, दुभंगलेली टोके कापावीत, गुंता पूर्ण सोडवावा आणि केस मुळापर्यंत कोरडे करावेत. ओल्या केसांची वेणी वाळताना आवळते आणि आत ओल धरते.

वेणी म्हणजे कॉर्नरो, टाळूला चिकटून जाणारी. तिची सुरुवात अगदी थोड्या केसांनी करून पुढे पुढे थोडे थोडे केस घेत जायचे. जाडी पेन्सिलीएवढी. याहून बारीक वेणी मुळांना ओढते, जाड वेणी वरून उंचवट्यासारखी दिसते. कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेची लव वेणीत घ्यायचीच नाही. तिथली मुळे सगळ्यात नाजूक. एक वेणी डोक्याच्या कडेने फिरवतात, बाकीच्या आत गोलाकार किंवा मागे सरळ नेतात, शेपट्या आडव्या टाकून सपाट शिवून टाकतात. भांग ज्या ठिकाणी दाखवायचा तिथले स्वतःचे केस मोकळे ठेवतात, किंवा तिथे चार बाय चार इंचांचा जाळीवर बसवलेला तुकडा लावतात, त्याला ‘क्लोजर’ म्हणतात. वेण्या झाल्यावर भुवया वर करून पाहाव्यात. कपाळाची कातडी ताणल्यासारखी वाटली किंवा वेणीच्या मुळाशी पांढरे पुरळ दिसले तर ती वेणी तिथेच सोडावी. ‘दोन दिवस दुखतेच, मग बसते’ असे सांगणारी सलॉनवाली भेटली तर उठून घरी यावे. रात्री झोपायला वेदनाशामक गोळी लागते ती वेणी चुकलेलीच असते.

शिवायला बोथट टोकाची वाकडी सुई आणि जाड, मजबूत दोरा. दोरा दुहेरी घ्यायचा. काम मानेपासून वर चढत जाते. पट्टी वेणीवर ठेवायची, सुई वेणीच्या खालून काढून पट्टीच्या वरून फिरवायची आणि फाशातून ओढून टाका कुलूपबंद करायचा. इथे नवशिके दोन चुका हमखास करतात. पहिली, सुई पट्टीच्या शिवणीतून आरपार नेण्याची. भोके पडली की पट्टीतले केस गळू लागतात. दुसरी, ओळ संपली की पट्टी कापण्याची. कापलेल्या कडेतूनही केस सुटतात, म्हणून जमेल तिथे पट्टी दुमडून परत फिरवावी. दोन टाक्यांत साधारण अर्धा ते एक इंच अंतर पुरते. टाका घट्ट बसावा, वेणी मात्र ओढली जाऊ नये. हा तोल हातालाच शिकावा लागतो. शिकाऊ हाताला यात अख्खा दिवस जातो, हे धरूनच बसावे.

निगेचे तत्त्व एकदा कळले की बारीकसारीक नियम आपोआप सुचतात. वरच्या केसांना टाळूचे तेल पोचत नाही, म्हणून ते कोरडे पडतात. खालच्या टाळूला हवा आणि पाणी पोचत नाही, म्हणून तिथे घाम, तेल आणि कोंडा साचतो. त्यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांनी तोटीच्या बाटलीत पाणी घालून पातळ केलेला शाम्पू पट्ट्यांच्या मधून टाळूवर सोडायचा, बोटांच्या पेरांनी अलगद फिरवायचा आणि भरपूर पाण्याने काढायचा. कंडिशनर फक्त वरच्या केसांच्या लांबीला. त्यानंतर ड्रायरची कोमट हवा थेट वेण्यांपर्यंत गेली पाहिजे. वरचे केस सुके आणि आत ओल, ही स्थिती मुंबईच्या जुलैत दोन दिवसांत कुबट वासावर येते, पुढे बुरशीवर. आपल्या चंपीचा मोह इथे आवरावा लागतो. खोबरेल तेलाने पट्ट्या चिकट होतात आणि धूळ धरतात. टाळूला दोन-चार थेंब पुष्कळ झाले. विंचरताना पट्टीची शिवण एका हाताने धरून टोकांपासून वर यायचे. झोपताना दोन सैल वेण्या आणि सॅटिनचा रुमाल. सुती अभ्रा केसांना घासतो आणि त्यांतली ओल शोषतो.

उसवण्याची वेळ हा मात्र वादाचा विषय नाही. सहा ते आठ आठवडे, बस्स. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. दोन महिन्यांत वेणी टाळूपासून सुटून लोंबू लागते आणि पाव किलोचा भार थोड्याशा मुळांवर झुलतो. पैसे वसूल व्हावेत म्हणून तीन-चार महिने ओढणाऱ्या बायका खालच्या केसांनी ती किंमत चुकवतात. काढताना फक्त दोरा कापायचा, तोही चांगल्या उजेडात आणि शक्यतो दुसऱ्या कुणाच्या हातून. वेण्या सुटल्यावर हातात केसांचा गोळा येईल. घाबरू नका. रोज पन्नास ते शंभर केस गळणे नैसर्गिक आहे. आठ आठवड्यांचे ते सुमारे पावणेतीन ते साडेपाच हजार होतात आणि वेणीत अडकल्यामुळे एकदम दिसतात. हा गुंता पाणी न लावता, फक्त थोडा कंडिशनर लावून सोडवावा. आधी पाणी पडले तर त्याची जट होते आणि मग कात्रीच चालवावी लागते. पुन्हा शिवण्याआधी काही आठवडे टाळूला मोकळे ठेवावे.

सततच्या ओढीने केस जातात हे वैद्यकात जुने आहे. १९०७मध्ये ग्रीनलंडमधल्या स्त्रियांच्या घट्ट बांधणीच्या केसांबाबत त्याची नोंद झाली. पुढे शीख पुरुषांमध्येही डोक्यावरच्या गाठीमुळे ते आढळले. सुरुवातीला कानशिलांपाशी तुटके आखूड केस, लाली, पुरळ दिसते. त्या टप्प्यावर ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिले तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि तिथे केस उगवत नाहीत.  

मराठी वाचकांपैकी अनेकींचे केस सरळ आणि गुळगुळीत असतात. अशा केसांची कॉर्नरो घसरते, लवकर सैल पडते, आणि मग ती टिकावी म्हणून घालणारी बाई नकळत जास्त आवळते. शिवाय बारीक केसाला तेवढे वजन पेलवत नाही. लग्नसमारंभापुरती लांबी हवी असेल तर गंगावन किंवा क्लिपांच्या पट्ट्या पुरेशा आहेत. त्या रात्री काढून ठेवता येतात. केस दाट आणि कुरळे असतील, तर मागच्या बाजूला एक-दोन पट्ट्यांनी सुरुवात करा. बाळंतपणानंतर, थायरॉइडच्या त्रासात किंवा केमोथेरपीनंतर केस जात असतील, टाळूला सोरायसिस किंवा जखम असेल, तर सो-इन करू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.