चित्रासाठी उभे राहताना

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हाती दिवा धरलेली स्त्री आपणांस परिचित असेल. चित्रकार सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास ते जलरंगचित्र काढले, तेव्हा त्यांची कन्या गीता तीन तास निश्चल उभी होती. त्या गीताताई उपळेकर २०१८ साली कोल्हापुरात, वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तल्या.

आज कॅमेऱ्यास क्षण पुरतो. तरी तीच मुद्रा पुनःपुन्हा धरावी लागते. म्हणून बेळगाव-निपाणीकडे साड्यांच्या जाहिरातींसाठी उभ्या राहणाऱ्या मुलींनी आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी, उपाशीपोटी जाऊ नये, साडी नेसून आरशापुढे सराव करावा. घट्ट कपड्यांचे वळ अंगावर उमटतात, ते टाळावेत.

छायाचित्र कोठे व किती काळ वापरणार, मोबदला किती, हे मात्र आधीच लेखी घ्यावे. चेहरा आपला, त्याचा वापरही आपल्याच संमतीने व्हावा.